बिल्ला नाही, तर दावा नाही

गेल्या मार्गशीर्षात भाचीच्या लग्नासाठी एका तालुक्याच्या गावी गेलो होतो. गावाबाहेर हमरस्त्याला लागून नवे मंगल कार्यालय, पुढे मोठे पटांगण, पटांगणात मांडव. हल्ली लग्नात भटजींच्या बरोबरीने, किंबहुना काकणभर अधिकच, मान असतो तो छायाचित्रकाराला. या लग्नात तर छायाचित्रकाराच्याही वर एक मानकरी होता आणि तो मांडवाच्या माथ्यावर घोंघावत होता. ड्रोन! पोरेसोरे खेळ सोडून त्याच्याकडे पाहत होती आणि आमच्या वयाची मंडळी आपले टक्कल वरून कसे दिसत असेल या चिंतेत होती.

शेवटचे मंगलाष्टक संपले, भटजींनी 'सावधान' म्हटले, अक्षता उडाल्या, वाजंत्री कडाडली आणि नेमक्या त्याच घटकेला ते यंत्र मांडवाच्या झालरीत अडकले. दोन गिरक्या घेऊन खाली आले ते थेट पंगतीची पाने मांडणाऱ्या एका वाढप्याच्या अंगावर. यंत्र सहा-सातशे ग्रॅमचे; पण त्याची पाती फिरत होती. पोराचा खांदा आणि कान फाटला. ९ टाके पडले. मुलगा कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होता आणि लग्नसराईत वाढप्याचे काम करून स्वतःची फी भरत होता. दवाखान्याचे १४ हजार रुपये झाले. शिवाय ऐन सराईतले २० दिवस त्याला घरी बसावे लागले, तो तोटा वेगळाच.

छायाचित्रकार पळून जाणाऱ्यांतला नव्हता. कर्ज काढून धंदा उभा केलेला सरळ मुलगा. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही बँकेत साहेब होता ना? माझ्याकडं पॉलिसी आहे. थर्ड पार्टीसकट आहे. ह्या पोराचा खर्च मिळंल ना?" मी कागद पाहिले. ड्रोनची नोंदणी होती, चालवण्याचे प्रमाणपत्र होते, विम्याचा हप्ता भरलेला होता. मी छातीठोकपणे म्हणालो, "मिळेल."

तीन आठवड्यांनी कंपनीचे पत्र आले. दावा नामंजूर. कारण असे, की त्या दिवशी गावात कोणा बड्या पाहुण्यांचा दौरा होता. पोलिसांनी तो भाग तात्पुरते निषिद्ध क्षेत्र, म्हणजे नकाशाच्या भाषेत 'लाल', जाहीर केला होता. आमच्या छायाचित्रकाराने आदल्या संध्याकाळी नकाशा पाहिला तेव्हा गाव हिरवे होते. सकाळी ते लाल झाले, तेव्हा तो वधूच्या हळदीचे फोटो काढत होता. पॉलिसीत अट होती की, उड्डाण 'त्या वेळी अमलात असलेल्या' सर्व नियमांनुसार झालेले असले पाहिजे. ते तसे झाले नव्हते. विषय संपला. दवाखान्याचे पैसे माझ्या मेहुण्यांनी, म्हणजे वधूपित्याने, मुकाट्याने भरले.

ते पत्र वाचताना मला ड्रोन दिसेना; एक म्हैस दिसू लागली.

म्हशीचा कान

१९८४ साली मी एका ग्रामीण शाखेत शेतकी अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. आम्ही दुभत्या म्हशींसाठी कर्जे देत असू. म्हैस घेतली की तिचा विमा उतरायचा आणि तिच्या कानात क्रमांकाचा बिल्ला ठोकायचा. विमावाल्यांचा दंडक सरळ होता : बिल्ला नाही, तर दावा नाही. आमच्या शाखेतल्या एका विधवा बाईची म्हैस मेली. बिल्ला केव्हाच कुठल्याशा बाभळीत अडकून पडला होता. दावा नामंजूर झाला. बाईने पुढची दोन वर्षे मेलेल्या म्हशीचे हप्ते फेडले. तिला वसुलीच्या नोटिसा पाठवणारा अधिकारी मीच. त्या नोटिसांखालची माझी सही मला अजून आठवते.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. तो दंडक मूर्खपणाचा नव्हता. मेलेली म्हैस विमा उतरलेलीच कशावरून, हा प्रश्न विमावाल्याने विचारायचाच असतो. नाहीतर गावातली प्रत्येक मेलेली म्हैस विम्याचीच निघाली असती. तो करार दोघांमधला होता : विमा कंपनी आणि म्हशीची मालकीण. अट पाळली नाही, तर नुकसान मालकिणीचे.

ड्रोनलाही असाच एक बिल्ला असतो. त्याला विशिष्ट ओळख क्रमांक म्हणतात. २०१८ च्या पहिल्या नियमावलीने तर 'परवानगी नाही, तर उड्डाण नाही' असे घोषवाक्यच आणले होते. परवानगी नसेल तर यंत्र जमिनीवरून हलूच नये, अशी ती कल्पना. पण ड्रोनमध्ये आणि म्हशीत एक मोठा फरक आहे. म्हैस मेली तर ती गोठ्यात मरते. ड्रोन पडला तर तो कोणाच्या तरी डोक्यावर पडतो. म्हशीच्या करारात दोघेच होते, ड्रोनच्या करारात तिसरा माणूस आहे. त्याने पॉलिसी वाचलेली नाही, अटी मान्य केलेल्या नाहीत, हप्ता भरलेला नाही. तो फक्त पाने मांडत होता. मालकासाठी केलेला बिल्ल्याचा दंडक या तिसऱ्या माणसालाही लावायचा का, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

अकरा वर्षांतले नियम

हा प्रश्न आता का निघाला, ते समजण्यासाठी नियमांचा प्रवास थोडक्यात पाहू. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जाहीर सूचना काढून खासगी लोकांना ड्रोन उडवायला मनाईच केली. ऑगस्ट २०१८ मध्ये पहिली नियमावली आली आणि ती १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाली. तिने तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला. मार्च २०२१ मध्ये दुसरे नियम आले. ते इतके किचकट होते की पाच महिन्यांतच गुंडाळावे लागले. २५ ऑगस्ट २०२१ रोजी आजचे ड्रोन नियम आले. त्यांनी २५ अर्जांचे ५ अर्ज केले आणि ७२ प्रकारच्या शुल्कांचे ४. फेब्रुवारी २०२२ मध्ये वैमानिक परवाना हा शब्दच गेला आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र पुरेसे ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या प्रमाणपत्रासाठी पासपोर्टची अट गेली. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ चा विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम आला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ड्रोनसाठी स्वतंत्र विधेयकाचा मसुदा सरकारने लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला.

या बदलांची दिशा एकंदरीत सैलपणाची होती आणि ती स्वागतार्हच होती. गावठाणाची मोजणी ड्रोनने झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या कागद नसलेल्या घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. हे काम साखळी ओढत करायचे म्हटले असते, तर आमच्या नातवंडांच्या काळातही संपले नसते. तेव्हा नियम बदलले याबद्दल माझी तक्रार नाही.

माझे म्हणणे वेगळे आहे. नियम कोणत्याही दिवशी बदलतो. पॉलिसी मात्र वर्षभराची असते. या दोहोंची सांगड जिथे घातली जाते, तिथे एक एकेरी दार आहे. कायदा सैल झाला म्हणून पॉलिसी आपोआप सैल होत नाही. समजा, पाव किलो ते दोन किलोपर्यंतचा ड्रोन धंद्यासाठी नव्हे, हौसेसाठी उडवायला कायदा प्रमाणपत्र मागत नाही. पण पॉलिसीत 'चालवणारा प्रमाणपत्रधारक असावा' असे छापलेले असेल, तर ती अट तशीच उभी राहते. उलट कायदा कडक झाला की मात्र 'त्या वेळी अमलात असलेले नियम' या चार-पाच शब्दांच्या वाटेने तो कडकपणा त्याच क्षणी तुमच्या पॉलिसीत शिरतो. हप्ता तोच, कागद तोच, शिक्का तोच. पण काल असलेले संरक्षण आज नसते. आणि हे तुम्हाला कळवायला कोणी पोस्टमन येत नाही.

लाल-हिरव्या नकाशाचे उदाहरण पाहा. सर्वसाधारणपणे हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत आणि विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. पण पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल ठरवू शकतो. सुरक्षेसाठी हा अधिकार हवाच, त्याबद्दल वाद नाही. उडवण्यापूर्वी नकाशा पाहणे हे चालवणाऱ्याचे कर्तव्यच आहे आणि आमच्या छायाचित्रकाराची त्यात चूक होती. त्याला दंड व्हावा, त्याच्या मोडलेल्या ड्रोनचे पैसे मिळू नयेत, हेही मी मान्य करतो. पण त्याच्या चुकीचे ९ टाके वाढप्याच्या कानाला का?

वजनाचे गणितही असेच. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा नाही. म्हणून बाजारात २४९ ग्रॅमचे ड्रोन मिळतात आणि लग्नाचे छायाचित्रकार ते आनंदाने घेतात. पण कायद्यातले वजन हे रिकाम्या यंत्राचे नसते, अंगावरच्या सगळ्या सरंजामासह असते. त्यावर रात्रीसाठी छोटा दिवा चिकटवला, पात्यांना संरक्षक कडी लावली की ते वरच्या वर्गात गेले आणि विमा सक्तीचा झाला. हे किती जणांना ठाऊक असते? शिवाय विम्यातून सूट म्हणजे जबाबदारीतून सूट नव्हे. २४९ ग्रॅमच्या यंत्राने कोणाचा डोळा गेला, तर भरपाईची जबाबदारी उडवणाऱ्याचीच राहते. फक्त पाठीशी कंपनी नसते.

मोटारीकडून घेतलेला धडा

यावर उत्तर नाही असे नाही. उत्तर आपल्याकडे आहे, ते रस्त्यावर सापडते. मोटारी नव्या होत्या तेव्हा हाच पेच होता. ब्रिटनने १९३० मध्ये तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा केला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद झाली आणि ती १९४६ पासून अमलात आली. त्यामागचे तत्त्व साधे होते. गाडीखाली सापडणारा माणूस गाडीवाल्याची ऐपत पाहून गाडीखाली सापडत नाही. तेव्हा भरपाईची सोय आधीच करून ठेवावी.

पण तिथेही बिल्ल्याचा प्रश्न आलाच. चालकाकडे वैध परवाना नसेल तर विमा कंपनीने भरपाई द्यायची का? वर्षानुवर्षे न्यायालयांत यावर खल झाला. २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिशा स्पष्ट केली. परवाना नाही एवढे दाखवून कंपनीला तिऱ्हाइताच्या बाबतीत हात झटकता येत नाहीत. मालकाने हलगर्जीपणा केला, हे तिने सिद्ध करायचे. आणि ते सिद्ध झाले तरी न्यायाधिकरण तिला सांगू शकते, की जखमीला आधी पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. 'आधी द्या, मग वसूल करा' हे तत्त्व मला एका वसुली अधिकाऱ्याच्या नजरेनेही शहाणपणाचे वाटते. वसुली करण्याची ताकद कंपनीकडे असते, वकील कंपनीकडे असतात. टाके पडलेल्या पोराकडे काय असते?

आता गंमत पाहा. २०२१ च्या ड्रोन नियमांतला ४४ वा नियम म्हणतो की, ड्रोनच्या तिऱ्हाईत विम्याला आणि भरपाईला मोटार वाहन कायद्यातल्या तरतुदी 'योग्य त्या फेरफारांसह' लागू होतील. म्हणजे दार उघडे आहे. पण 'योग्य त्या फेरफारांसह' हे तीन-चार शब्द फार लबाड असतात. कोणते फेरफार योग्य? निषिद्ध क्षेत्रातले उड्डाण हे परवाना नसलेल्या चालकासारखे मानायचे, की त्याहून वेगळे? माझ्या समजुतीने मोटारीचा न्याय इथेही लागायला हवा. पण आमच्या छायाचित्रकाराला आलेल्या पत्रात मोटार कायद्याचा उल्लेखही नव्हता. आणि १४ हजारांसाठी न्यायाधिकरणाची पायरी कोण चढतो? वाढप्याचा बाप मला म्हणाला, "साहेब, तारखेला जायचं तर माझा रोज बुडतोय." त्यावर मला काही बोलता आले नाही.

नव्या विधेयकाच्या मसुद्यात हे दावे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडेच नेण्याची आणि चूक कोणाची हे न पाहता ठरावीक भरपाई देण्याची कल्पना आहे. ती चांगली आहे. पण रक्कम पाहा : मृत्यूसाठी अडीच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी एक लाख. मोटार वाहन कायद्यात याच प्रकारची भरपाई २०१९ च्या दुरुस्तीनंतर मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आहे. माणूस तोच, मरण तेच; वरून आले म्हणून अर्ध्या किमतीत?

शेताच्या बांधावर

लग्नातला ड्रोन शहरी वाचकांना जवळचा. पण खरा प्रश्न यापुढे शेतात येणार आहे. केंद्राच्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत १५ हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे ठरले. खर्चाच्या ८० टक्के, पण ८ लाखांच्या मर्यादेत अनुदान आणि उरलेल्या रकमेसाठी कर्जाची सोय. ड्रोनबरोबर पहिल्या वर्षाचा विमाही मिळतो. बायाबापड्यांच्या हाती असे यंत्र येते, याचा मला मनापासून आनंद आहे. पण कर्ज एका वर्षात फिटत नाही आणि विमा एका वर्षात संपतो. ट्रॅक्टरच्या कर्जांत मी हे पुष्कळ पाहिले. पहिल्या वर्षीची पॉलिसी विक्रेत्यानेच काढून दिलेली असते, म्हणून ती असते. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण कोणी करायचे, यावर बँक शेतकऱ्याकडे बोट दाखवते आणि शेतकरी बँकेकडे. अपघात मात्र या बोटांची वाट पाहत नाही.

शिवाय फवारणीचा ड्रोन पडूनच नुकसान करतो असे नाही. तो व्यवस्थित उडूनही करतो. उसात तणनाशक मारताना वारा फिरला आणि शेजारच्या द्राक्षबागेवर तुषार गेले, तर ते नुकसान तिऱ्हाइताच्या विम्यात बसते का? डिसेंबर २०२१ मध्ये कृषी खात्याने ड्रोन फवारणीची कार्यपद्धती ठरवून दिली. ती पाळली नाही म्हणून दावा फेटाळला जाईल का? हे प्रश्न यंत्र घेताना विचारायचे असतात. बाग जळाल्यावर विचारले, तर उत्तर ठरलेले असते.

तेव्हा ज्यांच्या घरात, गटात किंवा धंद्यात ड्रोन आहे त्यांना एका जुन्या बँकवाल्याचे सांगणे. पॉलिसीत 'त्या वेळी अमलात असलेले नियम' हे शब्द कुठे आहेत, ते शोधा आणि त्यांचा अर्थ कंपनीकडून लेखी मागा. नियम बदलल्याची बातमी आली की तिचे कात्रण कपाटात ठेवू नका. कंपनीला पत्र लिहा आणि माझे संरक्षण पूर्वीसारखेच आहे का, ते विचारा. उड्डाणाच्या दिवशी, उड्डाणाच्या आधी नकाशा पाहा आणि तो पाहिल्याचा पुरावा मोबाइलमध्ये ठेवा. अपघात झाला तर ४८ तासांत कळवणे नियमानेच बंधनकारक आहे. लपवलात तर दावाही गेला आणि अब्रूही. आणि लग्नघरांनी छायाचित्रकाराला आगाऊ रक्कम देताना अल्बमच्या पानांची चौकशी करता तशीच विम्याच्या कागदाचीही करावी.

पण हे सगळे सांगूनही मूळ मुद्दा उरतोच. सावधगिरी हे मालकाचे काम आहे, तिऱ्हाइताचे नव्हे. म्हणून सरकारने नव्या कायद्यात 'योग्य त्या फेरफारांसह' असे मोघम न म्हणता स्वच्छ लिहावे : यंत्राच्या नुकसानीला हव्या तेवढ्या अटी लावा; पण ज्याच्या अंगावर ते पडले त्याला कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि नियम मोडणाऱ्याकडून मग वसूल करावेत. भरपाईची रक्कम रस्त्यावरच्या माणसाइतकीच असावी. आणि पाच-पन्नास हजारांपर्यंतचे दावे तारखांच्या फेऱ्याविना निकाली निघावेत. यामुळे हप्ता थोडा वाढेल. वाढू द्यावा. आभाळ वापरण्याचे भाडे आभाळाखालच्या माणसाने भरू नये.

परवा भाचीकडे लग्नाची चित्रफीत पाहिली. ड्रोनने घेतलेले भाग सुंदर आहेत. भाचीने सांगितले की, पडतानाचे चित्रणही त्या यंत्रात होते, ते कापून टाकले. त्यात शेवटी त्या वाढप्याचा वर पाहणारा चेहरा दिसत होता म्हणे. चित्रफितीतून कापला ते ठीकच झाले. त्याला कायद्यातून मात्र कापता येणार नाही. १९८४ साली मला नोटिसांवर सही करावी लागली, कारण बिल्ल्यापलीकडे पाहायची सोय त्या नियमांत नव्हती. आता नियम नव्याने लिहिले जात आहेत. ती सोय आताच करून ठेवायला हवी.